गोधडीची चौथी बाजू

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

गोधडी शिवणाऱ्या सोजरबाईंनी आज गोधडी आणून दिली. साडेसात फूट बाय पाच फूट. वरच्या बाजूला मेहरुनच्या अम्मींच्या ओढण्या, खालच्या बाजूला माझ्या आईचं नऊवारी, मध्ये जुन्या चादरींचे थर. धावदोरा असा की बोट फिरवलं तर तांदळाचे दाणे ओळीने मांडल्यासारखे लागतात.

फक्त कडा उघड्या आहेत. सुतं लोंबताहेत. मी विचारलं, गोट कधी घालणार? सोजरबाई म्हणाल्या, आमच्या मांजरी गावात कडेचा गोट शिवणारीने घालायचा नसतो. जी गोधडी देणार, तिने स्वतःच्या हाताने घालायचा. "न्हाईतर ती इकत आणल्यावानी हुती, ताई."

मला हे फार पटलं. नाहीतरी शिवणाचा हात माझा चांगला आहे.

हिशेब केला. चारी बाजू मिळून पंचवीस फूट. रोज अडीच फूट म्हणजे दहा दिवस. उद्यापासून सुरुवात, बावीस तारखेला गोधडी तयार. मेहरुन जाणार डिसेंबरात. भरपूर वेळ आहे.

मेहरुन जाणार, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. लिहिताना काही विशेष वाटलं नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

गोटाचं कापड आणायला गेले. सहा दुकानं. मरून रंग ठरवून गेले होते. दुकानात गेल्यावर अम्मींच्या हिरव्या ओढणीची आठवण झाली, म्हणून बॉटल ग्रीन घेतलं. मग मरूनला वाईट वाटेल असं वाटलं, तेही घेतलं. एक मोरपंखीही आहे पिशवीत. ते का घेतलं ते आता सांगता येत नाही.

श्रीधरनी तिन्ही कापडं पाहिली आणि विचारलं, मंडप कुणाच्या लग्नाचा?

सुरुवात उद्या.

१४ नोव्हेंबर, बुधवार

सुरुवात केली नाही, आणि ते बरोबरच केलं. नवं सुती कापड आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं. सिस्टर बेनेडिक्टा हे दर वर्षी सांगायच्या. नीडलवर्कच्या तासाला त्या बाकांमधून फिरायच्या आणि कापड उलटं करून बघायच्या. मागची बाजू पाहुण्यांना दाखवता आली पाहिजे, असा नियम होता. माझ्या प्रगतिपुस्तकातला त्यांचा शेरा अजून पाठ आहे: ट्राइज व्हेरी हार्ड. सिस्टर कुणाची उगाच स्तुती करत नसत.

मेहरुन माझ्या शेजारी बसायची. पहिलीपासून अकरावीपर्यंत, खिडकीकडचा बाक. तेव्हापासून साठ वर्षं झाली. मध्ये तिचं लग्न झालं, माझं झालं, तिचे मिस्टर गेले, माझी हेमा बेंगळुरूला गेली. मेहरुन कॅम्पात आणि मी सॅलिसबरी पार्कात, एवढंच काय ते अंतर. आता इम्तियाजच्या कंपनीने त्याची खराडीहून चेन्नईला बदली केली आहे, आणि मुलगा जाणार तर आईही जाणार. तिथे मी काही बोलू शकत नाही. इम्तियाज चांगला मुलगा आहे. हीच अडचण आहे.

घर रिकामं करताना अम्मींच्या कपड्यांचं काय करायचं ते तिला कळेना. चार गाठोडी. टाकवत नाहीत, नेता येत नाहीत. मी म्हटलं, मला दे, मी गोधडी करून देते. ती चहा गार होईपर्यंत माझा हात धरून बसली.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

पाणी बंद. कापड भिजवणार कशात? खडकवासल्यात पाणी असतं तेव्हाही गुरुवारी आमच्याकडे नसतं, आणि श्रीधरची अख्खी नोकरी इरिगेशनमध्ये धरणाचं पाणी मोजण्यात गेली. मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, मोजायचं काम होतं, वाटायचं नव्हतं.

मेहरुनचा फोन आला. मी विचारलं, जायचं नक्की कधी? ती म्हणाली, "तुझी गोधडी झाल्याशिवाय मी हलत नाही, विजू. घाबरू नकोस."

मी घाबरले नव्हते. पण बरं वाटलं. म्हणजे घाई करण्याचं कारण नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

पट्ट्या कापल्या. अडीच इंच रुंद, सरळ धाग्यावर. तिरकी पट्टी फक्त गोल कडेला लागते, हे मला माहीत आहे. एक पट्टी सुरुवातीला अडीच इंच आणि शेवटी सव्वा इंच निघाली. श्रीधर म्हणाले, हुबेहूब मुठा नदी.

कात्रीला धार नाही. सोमवारी धार लावून घ्यायची.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी १०.४०. बसले. देवाचं नाव घेतलं, सिस्टरांचंही घेतलं.

दुपारी १२.१५. एक वीत झाली. सुंदर. पुढून बघितलं तर ओळीत टाके. मग सवयीने उलटून बघितलं. मागे कोंबडी चालून गेल्यासारखं दिसत होतं. पाहुण्यांना दाखवता येईना.

उसवलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

दोन विती घातल्या, दीड उसवली. निव्वळ प्रगती अर्धी वीत. या वेगाने किती दिवस लागतील याचा हिशेब केला नाही. हिशेबाने मन खचतं.

दोष सुईचा आहे. नऊ नंबरची हवी, ही सातची आहे.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आज गोधडी पूर्ण व्हायची होती. प्लॅनमध्ये थोडा बदल केला आहे. आता ३० तारीख. मुद्दा वेगाचा नाही, दर्जाचा आहे. अम्मींच्या ओढण्या आहेत, काही पायपुसणं नव्हे.

अम्मींचं नाव मदिनाबी. मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, मारायचा प्रश्नच नव्हता. शाळेतून आम्ही दोघी त्यांच्याकडे जायचो, आणि त्या आधी माझी वेणी नीट करायच्या, मग खायला द्यायच्या. माझ्या आईने घातलेली वेणी त्यांना पसंत नसायची. हे आईला कधी सांगितलं नाही.

गोधडीत पांढऱ्या ठिपक्यांची जी निळी ओढणी आहे, ती त्यांच्या खांद्यावर असायची. तिच्या कडेला गोट घालताना सुई अडते. कापड जुनं झालं की असं होतं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

मेहरुन आली होती. गोधडी पलंगावर पसरून दाखवली. तिने निळ्या ओढणीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

मग तिने कड बघितली. भांडी कुणाकुणाला वाटली ते सांगत सांगत तिने सुई उचलली आणि चष्मा न लावता चार टाके घातले. मी गोधडी काढून घेतली. म्हटलं, हे माझं काम आहे, रिवाज आहे. ती म्हणाली, बरं बाई.

शाळेतही ती अशीच मध्येमध्ये मदत करायची. सातवीत आमच्या ट्रे-क्लॉथला बक्षीस मिळालं, त्यात कोपरे, मधलं फूल आणि कडा तिने केल्या होत्या. डिझाइन मी निवडलं होतं.

ती गेल्यावर तिचे चार टाके उसवायला बसले, कारण रिवाज म्हणजे रिवाज. सापडलेच नाहीत. पुढून नाही, मागून नाही. शेवटी सोडून दिले.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी ४. पहिली बाजू पूर्ण. पहिली पूर्ण बाजू! श्रीधरना बोलावून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, ही लाट मुद्दाम काढली आहे का?

संध्याकाळी ६. लाट आहे खरी. गोट ताणून धरला की कड चुणते. हे सोजरबाईंनी सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

अर्धी बाजू उसवली. श्रीधर पेपरच्या आडून म्हणाले, "आवक कमी, विसर्ग जास्त. असं धरण भरत नाही."

माझ्या माहेरची माणसं असं बोलत नसत.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

पाणी बंद. हात नीट धुता येत नाहीत, मग असल्या कापडाला हात लावणं योग्य नाही. सुट्टी घेतली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

सोजरबाई शेजारच्या जोशींकडे दुपट्याचं माप घ्यायला आल्या होत्या, तिथून आमच्याकडे. गोधडी मांडीवर घेतली, कड बोटांत धरून सगळी फिरवली. पहिल्या बाजूवर नवे टाके आणि जुन्या टाक्यांची भोकं अशा तीन ओळी दिसत होत्या.

मी सुईचं, उजेडाचं, चष्म्याच्या नंबराचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमाला ती बाई जायला नको हाय. म्हून ह्यो गोट लागंना."

मी हसले. गोट ही टेक्निकल बाब आहे. तिचा आणि माणसांच्या येण्याजाण्याचा काय संबंध? पण सोजरबाईंशी वाद घातला नाही. त्यांना चहा दिला. त्या म्हणाल्या, माझी ल्येक दौंडला दिली तवा मी बी तिची गोधडी तीन म्हैने लांबवली हुती.

विचारलं, मग काय झालं? म्हणाल्या, काय हुनार, गेली की.

त्या गेल्यावर दुसऱ्या बाजूचा कोपरा उसवला. निव्वळ टेक्निकल कारणासाठी. कोपरा चौकोनी बसत नव्हता.

२ डिसेंबर, रविवार

मेहरुनकडे गेले. घर ओळखू येत नाही. भिंतीवर घड्याळाचा पांढरा गोल राहिला आहे, घड्याळ नाही. आम्ही दोन खोक्यांवर बसलो. तिने विचारलं, किती झाली? मी सांगितलं, दीड बाजू. ती म्हणाली, छान, सावकाश होऊ दे.

परत येताना रिक्षात मन शांत होतं. दीड बाजू राहिली असती तर काळजी होती. अडीच राहिल्या आहेत.

३ डिसेंबर, सोमवार

दुसरी बाजू पूर्ण. मागची बाजू बघितली नाही. म्हणजे बघणार होते, पण चष्मा स्वयंपाकघरात राहिला.

मग चष्मा आणला. बघितली. एक वीत उसवली. जास्त नाही.

५ डिसेंबर, बुधवार

इम्तियाजचा फोन. फार नम्र मुलगा. आंटी, रविवारी दुपारची फ्लाइट आहे, जाताना आम्ही तुमच्याकडे येऊन जाऊ, मम्मी म्हणते तुमच्याकडून एक गोधडी घ्यायची आहे.

मी विचारलं, कुठल्या रविवारी? तो म्हणाला, याच. नऊ तारखेला.

मी म्हटलं, तिकिटं इतक्या घाईत कशी मिळाली? तो म्हणाला, घाई कुठे आंटी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच काढली ना.

म्हणजे मेहरुन मला हलत नाही म्हणाली, तेव्हा तिकीट काढून आठवडा झाला होता.

मी तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही बोलले नाही. तिनेच विचारलं, "तुला तारीख सांगितली असती तर तू सुई हातात धरली असतीस का?"

अर्थातच धरली असती.

६ डिसेंबर, गुरुवार

नवा प्लॅन. दोन बाजू आणि एक वीत शिल्लक, तीन दिवस हातात. रोज साडेचार फूट. उसवणं बंद. मागची बाजू बघणं बंद. पाहुण्यांना काय करायचं आहे मागची बाजू बघून?

पाणी बंद होतं. बादलीत हात धुऊन बसले.

संध्याकाळपर्यंत राहिलेली वीत घातली आणि तिसरी बाजू सुरू केली.

७ डिसेंबर, शुक्रवार

तिसरी बाजू अर्धी. अंगठ्याला सुई लागली. रक्ताचा ठिपका निळ्या ओढणीवर पडला असता, थोडक्यात वाचली. मग तासभर नुसती बसले. श्रीधर म्हणाले, मी ओवून देऊ का सुई? दिली. त्यांना दोरा ओवायला सतरा प्रयत्न लागले, पण विनोद एकही केला नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

८ डिसेंबर, शनिवार

तिसरी बाजू पूर्ण. उद्या सकाळी एकच. ते लोक साडेअकराला येणार. मी सहाला उठले तर साडेपाच तास आहेत. पाच फुटांची छोटी बाजू. सहज.

९ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

सहाला उठले. अंघोळ, पूजा, आणि मेहरुन येणार म्हणून तिला आवडते ती राखाडी सुती साडी. साडेसातला बसले. गोधडी मांडीवर, कड गुडघ्यावर. हात इतका छान चालत होता की मान वर केली नाही. सव्वाअकराला साधारण चार विती झाल्या होत्या.

बेल वाजली. मी उठले. गोधडीही उठली.

चार विती गोट मी माझ्या निऱ्यांसकट शिवला होता.

श्रीधरनी दार उघडलं. मेहरुन आत आली, माझ्याकडे बघितलं, आणि इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. मग ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, तिचे गुडघे दुखतात तरी बसली, आणि कात्रीच्या टोकाने एकेक टाका कापायला लागली. मी उभी. मधूनच वर बघायची आणि परत हसायची. मला वाटलं, हे टाके जरा जास्त घट्ट घातले असते तर बरं झालं असतं.

दीड वीत सुटली असेल. इम्तियाज दारात येऊन उभा राहिला. त्याने आधी मला नमस्कार केला, मग गोधडीकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाला, मम्मी, विमाननगरला ट्रॅफिक असेल.

मेहरुन म्हणाली, पाच मिनिटं. त्याने पाच मिनिटं दिली. मग परत आला.

तिने कात्री माझ्या हातात दिली. "राहू दे, विजू. झाली की कुरिअर कर."

मी म्हटलं, हो.

गेटपर्यंत गेले. साडी सोडून जाता येत नव्हतं आणि गोधडी सोडून साडी नेता येत नव्हती. म्हणून सगळी गोधडी दोन्ही हातांत उचलून गेले. जोशी बाई गॅलरीतून बघत होत्या, बघू देत. मेहरुनने मला मिठी मारली, ती मध्ये गोधडी धरूनच. काय बोललो आम्ही? मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, आत जा, पायात चप्पल नाही.

गाडीच्या काचा काळ्या होत्या. तिने हात केला की नाही ते दिसलं नाही. मी केला. गोधडी धरलेली असल्यामुळे फार वर गेला नाही.

१० डिसेंबर, सोमवार

काही नाही.

श्रीधरनी उरलेले टाके कापून साडी सोडवून दिली. एक तास लागला. म्हणाले, टाके मजबूत घातलेस.

११ डिसेंबर, मंगळवार

दुपारी ३. गोधडी घेऊन बसले. चौथी बाजू.

दुपारी ४.२०. झाली. एक तास वीस मिनिटं. एक टाका उसवला नाही. सात नंबरचीच सुई, तोच चष्मा, उजेडही तसाच. कोपरा चौकोनी बसला. गोधडी पसरून चारी बाजूंनी फिरून बघितली. श्रीधरनीही बघितली आणि चहा टाकायला गेले.

५ वाजता मेहरुनचा फोन. अकरावा मजला आहे. समुद्र दिसतो असं इम्तियाजने सांगितलं होतं, दिसतो तो दुसऱ्या इमारतीचा जिना. शेजारचे फार चांगले आहेत, फक्त ते काय बोलतात ते कळत नाही. दिवसभर करायला काही नाही. इतकं सगळं सांगून मग विचारलं, "गोधडी झाली का गं?"

गोधडी माझ्यासमोर घडी घालून ठेवली होती. झाली म्हटलं असतं तर उद्या कुरिअरवाला आला असता, परवा ती तिकडे पोचली असती, आणि मग विचारायला काही राहिलं नसतं.

मी म्हटलं, एक बाजू राहिली आहे.

ती म्हणाली, सावकाश कर. उद्या परत फोन करते.

फोन ठेवला. खोटं बोलायची मला सवय नाही. कात्री घेतली आणि चौथी बाजू उसवली.